बोलायला लावलेल्या दोघी

हे तुम्ही केलंत. दुसऱ्या कुणावर ढकलू नका. मशीनवर नाही, त्या दोघींच्या स्वभावावर नाही, नशिबावर तर मुळीच नाही. दोन बायका खाली मान घालून एकमेकींचं ओझं उचलत होत्या. तुम्ही त्यांना काचेच्या खोलीत बसवलंत, समोर पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात आणि म्हणालात, बोला. त्या बोलल्या. आता एक माणूस अंथरुणावर एकाच कुशीवर पडून आहे आणि तुमच्या दप्तरी 'प्रकरण सामोपचाराने मिटलं' असा शेरा आहे. मिटलं म्हणे.

तुम्हाला आठवत नसेल. अशी प्रकरणं तुमच्याकडे ढिगाने येतात. म्हणून पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

तो धुलाईचा कारखाना. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे येतात, धुतल्या जातात, मग गरम रुळांमधून सपाट होऊन बाहेर पडतात. रुळांच्या पुढ्यात दोघी उभ्या राहतात, एकेका टोकाला एकेक. चादर बाहेर आली की दोन-दोन कोपरे पकडायचे, झटकायची, कोपऱ्याला कोपरा लावायचा, चालत एकमेकींकडे यायचं आणि घडी टेबलावर ठेवून द्यायची. एकटीचं काम नाही ते. इथे उभ्या असायच्या नणंद आणि भावजय.

नणंद मोठी. हाडापेराने रुंद, चालताना आधी खांदे पुढे जायचे आणि मग ती. तिचं लग्न झालं नाही की तिने केलं नाही, हे विचारायची कारखान्यात कुणाची छाती नव्हती. भावजय लहानखुरी, ओठ घट्ट मिटलेली. तिला या कामाला नणंदेनेच लावलं होतं. दोघी एकाच घरातून यायच्या, एकाच घरात परत जायच्या आणि एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. आज-कालची गोष्ट नाही, कित्येक वर्षांची.

घरात होता एकीचा नवरा आणि दुसरीचा धाकटा भाऊ. लिफ्टा दुरुस्त करायचा. उंच, भारदस्त, जिने चढताना गाणं म्हणायचा. लिफ्टवाल्याला जिने चढावे लागतात यावर स्वतःच हसायचा. एके दिवशी अर्धं अंग गेलं. डावा हात, डावा पाय, निम्मं तोंड. डोकं शाबूत राहिलं, शब्द मात्र अडखळून यायचे. अशा माणसाला ठरावीक वेळाने कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग फाटते. दवाखान्यातल्या नर्सने दोघींना समोर उभं करून बजावलं होतं: बाकी काही चुकलं तर चालेल, हे चुकवू नका. आणि एवढ्या धिप्पाड माणसाला एकट्या बाईने वळवणं शक्य नव्हतं. त्याच्याखाली दुहेरी चादर घालून दोन्ही बाजूंनी एकदम उचलावं लागायचं. एकीने आधी ओढलं की तो कण्हायचा. दोघींनी एकदम ओढलं की नुसता डोळे मिटायचा.

त्या एकदमच ओढायच्या. बोलत नसल्या तरी.

हे त्यांना कारखान्यात जमलं होतं. अबोला धरला तेव्हा पहिले काही दिवस चादरी वाकड्या झाल्या असतील. मग हातांनी आपापसात समजून घेतलं. चादरीला एक हलका हिसका म्हणजे माझ्याकडे डाग आहे, बाजूला टाक. दोन हिसके म्हणजे उलटी कर. ताण सैल सोडला म्हणजे थांब, माझा कोपरा सुटलाय. कुणी शिकवलं नाही, कुणी ठरवलं नाही. दोघींच्या मधे सहा हात कापड असायचं आणि त्यातून सगळं कळायचं. भावजयीला तर नणंदेचं डोकं दुखतंय हेसुद्धा चादरीतून कळायचं. त्या दिवशी ती झटकताना हात राखायची. मग भावजय संध्याकाळी न विचारता चहात आलं जास्त टाकायची आणि कप नणंदेच्या जवळ नुसता आपटायची.

जेवणाची सुट्टी झाली की बाकीच्या डबे उघडायच्या आणि या दोघी पायात चपला सरकवून निघायच्या. घर दोन गल्ल्या पलीकडे. भराभर चालत जायच्या, त्याला वळवायच्या, पाणी पाजायच्या, पुन्हा भराभर परत. एकीच्या पुढे दुसरी, तोंडं सरळ. शेजारच्या टेबलावर 'रेडिओ' होती. रेडिओ म्हणजे तोंड कधी बंद न होणारी बाई, मनाने लोण्याची. ती म्हणायची, या दोघी निघाल्या की मला वाटतं एक बाई आरशाला घेऊन फिरायला चाललीय. आणि स्वतःच्या जोडीदारणीला म्हणायची, बघ, त्यांच्या अबोल्यात चादरी कशा निघतात, आणि आपल्या गप्पांत सुरकुत्या पडतात.

खरंच होतं ते. त्या टेबलावरची एकही चादर परत येत नव्हती.

तरीही तुमच्या मनुष्यबळ विभागातल्या नव्या बाईंना ते टेबल खटकलं. त्या मजल्यावर हातात पॅड घेऊन फिरल्या. गरम मशीनवर जोडीने काम करणाऱ्यांनी मोठ्याने बोलून काम करावं असा नियम आहे, आणि या दोघी मुक्या. बाईंनी चौकशी केली. रेडिओने कौतुकाने सगळं सांगितलं: अहो, यांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही, तरी बघा कसं काम. बाईंनी फक्त पहिला अर्धा भाग लिहून घेतला. रेडिओ अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घेते.

बोलावणं आलं. बाहेरून एक मध्यस्थ येणार, कामावरचे तंटे सोडवण्याचं शिक्षण घेतलेले. भावजयीने सांगून पाहिलं की आमचा तंटा नाही. बाई गोड हसल्या. येणं ऐच्छिक आहे, म्हणाल्या. फक्त नाही आलात तर तशी नोंद होईल. आणि असहकाराची नोंद झालेल्यांना गरम मशीनवर ठेवता येत नाही. ऐच्छिक या शब्दाला इतकी घट्ट दोरी बांधलेली असते हे भावजयीला त्या दिवशी कळलं.

खोली वरच्या मजल्यावर. गोल टेबल, म्हणजे कुणी वरच्या जागी नको. कागदी रुमालांचा डबा बरोबर मधोमध. मध्यस्थ पन्नाशीचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त वाईट. हडेलहप्पी करणारा असता तर दोघींनी दगडासारखं बसून वेळ काढला असता. हे दोघींकडे आलटून पालटून प्रेमाने बघत होते. मी न्यायाधीश नाही, म्हणाले, कोण चूक कोण बरोबर हे मला ठरवायचं नाही. इथलं बाहेर जाणार नाही. तुम्ही असं केलंत असं म्हणायचं नाही, मला असं वाटलं असं म्हणायचं.

बाहेर जाणार नाही. भावजय मनात म्हणाली, पण जिला ऐकू जाऊ नये ती आतच बसलीय की.

पहिल्यांदा नणंद बोलली. तिला वाटत होतं की अबोला पलंगावरून धरलाय. भावाला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पलंग खिडकीपाशी लावायचा की दाराजवळ, यावरून दोघींची जुंपली होती. नणंदेने खिडकीचा हट्ट धरला, त्याला बाहेरचं दिसावं म्हणून. भावजय म्हणाली होती, वारा लागेल. शेवटी पलंग खिडकीपाशी गेला आणि भावजयीचं बोलणं बंद झालं. नणंद हे सांगताना थोडी हसलीसुद्धा. म्हणाली, एका पलंगावरून ही बाई इतकी वर्षं रुसेल असं मला वाटलं नव्हतं. पण आमच्या घरात सगळेच हट्टी, तीही आता आमच्यातलीच झाली.

तिथे थांबलं असतं तर मिटलं असतं हो. खरंच मिटलं असतं. भावजयीने 'हो, पलंगावरूनच' असं म्हणायचं ठरवलं होतं. घरून निघतानाच ठरवलं होतं.

पण मध्यस्थ शिकलेले. एवढ्या लांब अबोल्याच्या मुळाशी पलंग असू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते भावजयीकडे वळले आणि गप्प बसले. त्यांची ती पद्धत असते. समोरच्याला गप्प राहवत नाही असं गप्प बसणं. भावजय बोटं चोळत राहिली. वर्षानुवर्षांत तिला कुणी 'तुला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. नवऱ्याचं दुखणं सगळ्यांनी विचारलं, तिचं कुणी नाही. आणि समोरचा माणूस इतक्या मायेने बघत होता. ती म्हणाली, पलंग राहू द्या. त्या दिवशी घरी कोण होतं, एवढंच मला कधीकधी आठवतं.

बस. इतकंच म्हणाली. नावही घेतलं नाही.

कुठला दिवस, असं मध्यस्थांनी विचारलं. तिने तुटक तुटक सांगितलं. तिची कामाची पाळी होती, वन्संची सुट्टी. नवऱ्याने बहिणीला सांगितलं की हात बधिर होतोय. ती म्हणाली, पड जरा. तिने त्याचा हात चेपला, अंगावर पांघरूण घातलं आणि तो झोपला. भावजय परत आली तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालेलं होतं. हे तिला नवऱ्यानेच सांगितलं होतं, मोडक्या शब्दांत, कुणाला बोल न लावता. आणि डॉक्टर काय म्हणाले होते? म्हणाले होते, लवकर आणायला हवं होतं.

तरीही अजून ते शब्द इकडे तिकडे पडलेले होते, सुटे सुटे. नणंदेला वाटलं असतं तर ते तिने उचलले नसते. पण मध्यस्थांची दुसरी पद्धत असते. समोरच्याचं बोलणं स्वच्छ करून, नीट लावून, त्याला परत ऐकवायचं. त्यांनी तसं केलं.

"म्हणजे मी बरोबर समजत असेन तर," ते हळुवारपणे म्हणाले, "तुम्हाला असं वाटतं की त्या दिवशी वेळेत हालचाल झाली असती तर तुमचे यजमान आज चालते असते. आणि ती वेळ यांच्यामुळे गेली. बरोबर?"

भावजयीला इतकं सरळ कधी मनातसुद्धा म्हणता आलं नव्हतं. ते कुणीतरी इस्त्री करून समोर ठेवलं. आणि शेवटी 'बरोबर?' असं विचारलं. नाही म्हणावं तर खोटं होतं. तिने मान हलवली.

ती बोलत नव्हती ती याचसाठी. बोलली असती तर कधी ना कधी हेच बोलली असती. म्हणून तोंडच बंद ठेवलं होतं. पलंगाचं निमित्त केलं होतं. राग होता, तो होताच. पण या बाईवाचून आपलं चालणार नाही हेही होतं, आणि ही बाई भावासाठी हाडाची काडं करते हे रोज डोळ्यांना दिसत होतं. राग गिळता येत नाही आणि ओकताही येत नाही, तेव्हा माणूस ओठ मिटून घेतो. तो अबोला म्हणजे तिने घराला दिलेला टेकू होता. तुम्ही तो भांडण समजून काढून घेतलात.

नणंद रडली नाही. कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला गेला तो तिने तसाच परत सरकवला. मध्यस्थ म्हणाले, हे ऐकून तुम्हाला काय वाटतं ते सांगा. ती म्हणाली, काही नाही वाटत. मग कागद आला. दोघींनी रोज मोकळेपणाने संवाद साधायचा, कामाच्या वेळी मोठ्याने बोलायचं, एकमेकींच्या भावनांचा आदर राखायचा. नणंदेने सही केली, मग भावजयीने. मध्यस्थांनी दोघींचं अभिनंदन केलं. आज तुम्ही फार धैर्य दाखवलंत, म्हणाले. भावजयीला वाटलं, या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं आणि सांगावं की ते परत घ्या. पण काय परत घ्यायचं? त्यांनी तर तिचंच तिला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नणंद मोठ्याने बोलली. नियमाप्रमाणे. "धरलं?" म्हणाली. भावजय म्हणाली, "धरलं." "सोडू?" "सोडा." आणि पहिलीच चादर जमिनीवर गेली. मग दुसरी वाकडी आली. नणंदेचं लक्ष कापडावर नव्हतंच, ते भावजयीच्या चेहऱ्यावर होतं. चादरीतून येणारा ताण निर्जीव झाला होता, खुंटीला बांधल्यासारखा. भावजय एक हिसका द्यायची, तिकडून काहीच यायचं नाही. ज्या टेबलावरची कधी चादर परत आली नव्हती तिथे ढीग लागला. मनुष्यबळवाल्या बाई येऊन म्हणाल्या, सुरुवातीला असं होतं, निदान आता तुम्ही बोलताय.

आठवडा भरायच्या आत नणंदेने पाळी बदलून मागितली. तुम्ही लगेच दिलीत. अशा प्रकरणांनंतर पाळी बदलून देण्याची तुमच्याकडे सोय आहे, सहानुभूतीने. तिने घरही सोडलं, रेडिओकडे राहायला गेली. जाताना आपलं गाठोडं, आपली उशी आणि भावाचा दाढीचा वस्तरा घेतला. त्याची दाढी तीच करायची.

आणि भावाला टाकलं असंही नाही. तिने टाकलं असतं तर भावजयीला निदान चारचौघांत तिच्या नावाने बोंब मारता आली असती. नणंद रोज येते. भावजय कामावर गेली की येते, त्याला भरवते, दाढी करते, खिडकीतलं दाखवते, आणि भावजय यायच्या आधी निघून जाते. गल्लीच्या तोंडाशी वाट बघत उभी असते, ही बाहेर पडली की ती आत. घरात आता त्याच्याजवळ पूर्वीपेक्षा जास्त वेळ माणूस असतं. फक्त एका वेळी एकच असतं. आणि त्याला वळवायला दोन लागतात.

भावजयीने करून पाहिलं नाही असं नाही. उशा लावल्या, दोरी बांधली. शेजारच्या सुताराला बोलावलं. त्या बिचाऱ्याने लाकूड उचलावं तसा खांद्याला धरून ओढला आणि नवरा असा ओरडला की सुतार पुन्हा दारात आला नाही. पैसे देऊन माणूस ठेवावं तर रोज इतक्यांदा कोण येणार. रेडिओ एकदोनदा आली, पण तिच्या पाठीचंच दुखणं. खुब्यावर लाल चट्टा उठला तो रुंद होत चालला. बोटाने दाबलं तरी त्याचा रंग पालटत नव्हता. नवरा विचारायचा, "ताई... कुठंय?" भावजय म्हणायची, येऊन गेल्या. तो म्हणायचा, "दोघी... या." लहान मुलाला काही समजावावं तसं तो हे पुन्हा पुन्हा म्हणायचा.

एकदा ती मुद्दाम कामावर गेलीच नाही. दिवा न लावता आत बसून राहिली. नणंद आली, चपला काढल्या, आणि तिला बघून उंबऱ्यातच थबकली. भावजय उठली. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि खालच्या चादरीचे दोन कोपरे हातात घेतले. नणंद हळूहळू पुढे आली. तिनेही कोपरे घेतले. नवऱ्याने डोळे मिटले, पूर्वीसारखे.

भावजयीने ताण दिला. तिकडून ताण आला, मग थरथरला, मग एकदम सैल पडला. नणंद चादरीकडे नाही, हिच्याकडे बघत होती. नवऱ्याचं डोकं पलंगाच्या कडेला आपटलं. तो ओरडला नाही. बहिणीच्या मनाला लागू नये म्हणून असेल, त्याने आवाज गिळला.

नणंदेने कोपरे खाली ठेवले. "मला नाही जमायचं गं," ती म्हणाली. "मी त्याला हात लावला की तुला काय दिसतं, ते आता मला ठाऊक आहे."

"तसं नाही वन्सं," भावजय म्हणाली.

"तसंच आहे. तू मान हलवलीस ना."

आणि ती गेली. चपला हातात घेऊन गेली, घालायलाही थांबली नाही. भावजयीला तिच्या मागे धावता आलं असतं. पण धावून म्हणायचं काय? की मला तसं वाटत नाही? वाटत होतं. की वाटत असलं तरी चालेल, तू ये? हे न बोलता इतकी वर्षं म्हणून झालं होतं. बोलून म्हणता येत नव्हतं.

मग ती तुमच्याकडे आली. आठवत असेल, नसेल. मध्यस्थ त्या दिवशी दुसऱ्या दोन माणसांचं मिटवायला आले होते. तिने वर जाऊन सांगितलं की ती सही माझी रद्द करा, पाळ्या पूर्वीसारख्या करा, आम्ही बोलणार नाही पण दोघींना एका वेळी घरी असू द्या. मनुष्यबळवाल्या बाई म्हणाल्या की पाळी त्यांनी स्वतः मागितली आहे, आम्ही सक्ती करू शकत नाही. आम्ही सक्ती करत नाही, हे त्या अशा म्हणाल्या की जणू कधीच केली नव्हती. मध्यस्थांनी तिला बसायला खुर्ची दिली. सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले की निर्णय देणं हे माझं काम नव्हे, तोडगा तुम्हा दोघींमधूनच यायला हवा. हवं तर पुन्हा एक बैठक घेऊ. पुन्हा बोलू.

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. खाली मशीन चालू होती, तिची सुट्टी संपत आली होती, आणि दोन गल्ल्या पलीकडे तो माणूस सकाळपासून डाव्या कुशीवर होता.

"बैठक नको," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. आता घरी गेल्यावर त्याला पलीकडच्या बाजूने कुणी धरायचं? तुम्ही येता? या बाई येतात? कोण येतं? नाव सांगा."

मध्यस्थांनी तिचं म्हणणं परत ऐकवायला तोंड उघडलं. "म्हणजे तुम्हाला असं वाटतं की—"

"मला काय वाटतं ते नका सांगू," ती म्हणाली. "कोण येतंय ते सांगा."

तिला कुणी उत्तर दिलं नाही. तुम्ही द्या.